कॅलिफोर्नियात कोर्टातून नाव बदलायचं असेल तर

पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्नेहल रमेश आणि 'सरनेम'मध्ये कुलकर्णी. आपल्याकडे यात खटकण्यासारखं काहीच नाही. अमेरिकेत मात्र वडिलांचं नाव पहिल्या नावाला जे चिकटतं ते सुटता सुटत नाही. एका कार्डावर 'स्नेहल आर', दुसऱ्यावर 'स्नेहलरमेश' असा एकच सलग शब्द, तिसऱ्यावर रमेश गायब. कुणाचं लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं, म्हणजे पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा राहिला म्हणून व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून आलं आणि खरं नाव आडनावाच्या जागी गेलं. कुणाला घटस्फोटानंतर माहेरचं आडनाव परत हवं असतं, आणि कुणाला आपलं नाव मुळातच आवडत नसतं. हेही कारण पुरेसं आहे, कोर्ट त्यावर वाद घालत नाही.

कॅलिफोर्नियात सज्ञान माणसाने, म्हणजे १८ वर्षं पूर्ण झालेल्याने, कोर्टातून नाव बदलणं सोपं आहे. वकील लागत नाही. चार-पाच फॉर्म, एक फी, पेपरात एक नोटीस, आणि बहुतेक वेळा जज साहेबांचं तोंडही न पाहता हातात डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा. आपल्या लोकांचं अडतं ते कोर्टाच्या बाहेर. भारतीय पासपोर्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड यांचा क्रम चुकला की निम्म्या कागदांवर एक नाव आणि निम्म्यांवर दुसरं अशी अवस्था होते, आणि ती निस्तरायला नाव बदलण्यापेक्षा जास्त वेळ जातो. म्हणून फॉर्म उघडण्याआधी स्वतःचं इमिग्रेशन स्टेटस बघा.

एच-१बी, एल-१ (नोकरी) किंवा एफ-१ (शिक्षण) व्हिसावर असाल तर

तुमचं इथलं नाव तुमच्या भारतीय पासपोर्टमागे चालतं. व्हिसा, आय-९४ (प्रवेशाची नोंद), आय-७९७ (अर्ज मंजुरीचा कागद) हे सगळं पासपोर्टवरच्या नावाने निघतं. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने डिक्री दिली म्हणून यातलं एकही अक्षर आपोआप बदलत नाही, आणि भारत सरकारच्या पासपोर्टवर या कोर्टाचा हुकूमही चालत नाही. त्यामुळे तुमची सुरुवात पासपोर्टपासून. भारतीय पासपोर्टमध्ये खाडाखोड करून दुरुस्ती होत नाही, वैयक्तिक माहितीत बदल या कारणाखाली नवीन पासपोर्ट 'रीइश्यू' होतो. अमेरिकेत हा अर्ज व्हीएफएस या खाजगी कंपनीमार्फत आपल्या भागाच्या कॉन्सुलेटकडे जातो. बे एरियातल्या लोकांसाठी ते सॅन फ्रान्सिस्कोला आहे. नावबदलासाठी लागणाऱ्या कागदांची त्यांची यादी वेगळी असते. ती आधी वाचा, मग ठरवा की कोर्टात जायची गरज आहे का.

गिव्हन नेममधून वडिलांचं नाव काढणं किंवा कोरा आडनावाचा रकाना भरून घेणं एवढंच हवं असेल, तर पासपोर्ट बदलला की बाकीचे कागद त्याच्या मागे येतात. नवीन पासपोर्ट हातात आल्यावर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला कळवा, म्हणजे पुढचं पिटिशन नव्या नावाने जाईल. जुन्या नावाचा व्हिसा स्टँप असेल तर नव्या नावाचा व्हिसा घ्यावा असा अमेरिकी परराष्ट्र खात्याचाच सल्ला आहे. तेव्हा भारतवारी तोंडावर असताना हा उद्योग सुरू करू नका.

ग्रीन कार्डवर असाल तर

इथे कोर्टाचा रस्ता खुला आहे. डिक्रीच्या आधारे आय-९० फॉर्म भरून नव्या नावाचं ग्रीन कार्ड मिळतं. पण पासपोर्ट अजून भारताचाच आहे, त्यावर जुनं नाव राहिलं तर प्रत्येक प्रवासात दोन नावांचे कागद आणि सोबत डिक्रीची प्रमाणित प्रत बाळगावी लागते. तिकीट कोणत्या नावाने काढायचं हा प्रश्न दरवेळी नव्याने पडतो.

नागरिकत्वाचा अर्ज वर्ष-दोन वर्षांवर आला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: थांबा. नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्ममध्येच 'तुम्हाला नाव बदलायचं आहे का?' असा प्रश्न असतो. तिथे 'हो' म्हणून नवीन नाव लिहायचं. मुलाखतीत अधिकारी त्यासाठीच्या अर्जावर सही घेतो, आणि शपथविधी कोर्टात जजसमोर होतो तेव्हा तो नावबदलही मंजूर होतो. त्याची वेगळी फी नाही आणि पेपरात नोटीसही नाही. नागरिकत्वाचं सर्टिफिकेटच नव्या नावाने निघतं. अट एकच, शपथविधी कोर्टाचा हवा. यूएससीआयएस (नागरिकत्वाचे अर्ज हाताळणारी अमेरिकी सरकारी संस्था) स्वतः जे शपथविधी घेते तिथे नाव बदलत नाही. म्हणजे मुलाखतीच्याच दिवशी शपथ घेऊन मोकळं होण्याची संधी सोडावी लागते आणि कोर्टाच्या तारखेची वाट बघावी लागते. बाकीचे कागद एकाच फटक्यात जुळणार असतील तर ही वाट बघणं परवडतं.

नागरिक होऊन गेल्यावर नाव बदललं तर सर्टिफिकेट बदलायला एन-५६५ फॉर्म आणि त्याची फी, हा पुढचा खर्च.

कोर्टात अर्ज न करताही काम होतं का?

लग्न कॅलिफोर्नियात होणार असेल तर मॅरेज लायसन्सच्या अर्जावरच नवं नाव लिहिता येतं. ही सोय २००७च्या कायद्याने आली आणि ती नवरा-बायको दोघांनाही आहे. पण मराठी घरांना ती अर्धीच उपयोगी पडते. पहिलं नाव यात बदलता येत नाही. मधल्या नावासाठी जे पर्याय आहेत ते मुख्यतः दोघांच्या आडनावांभोवतीच फिरतात, त्यात नवऱ्याचं पहिलं नाव बसत नाही. 'स्नेहल अमित जोशी' हा आपला साचा त्या फॉर्मवर तयार होत नाही, 'स्नेहल कुलकर्णी जोशी' होतो. लायसन्सवर जे लिहाल ते नंतर सहज बदलता येत नाही, म्हणून काउंटी क्लार्कच्या खिडकीशी उभं राहून घाईत ठरवू नका.

घटस्फोट झाला असेल तर आधीचं नाव परत घ्यायला नवा अर्ज नको. जजमेंटमध्येच तशी मागणी करता येते. तेव्हा केली नसेल तर त्याच केसमध्ये एफएल-३९५ हा छोटा फॉर्म भरायचा. फक्त घटस्फोट कॅलिफोर्नियाच्या कोर्टात झालेला हवा. भारतात झाला असेल तर खालचा सगळा रस्ता.

नाव नक्की करा, अक्षर न अक्षर

डिक्रीत जे छापलं जाईल तेच पुढे आयुष्यभर. म्हणून नवीन नाव इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहून काढा: पहिलं, मधलं, आडनाव. आपल्या नावांना एक स्पेलिंग असतंच असं नाही. 'ज्ञ' कुणी 'डीएन'ने लिहितं, कुणी 'जीएन'ने, कुणी 'जीवाय'ने. देशपांडेच्या शेवटी 'वाय' लावणारेही भेटतात. शक्यतो भारतातल्या पदवीवर, पॅनवर, सातबाऱ्याच्या व्यवहारात जे स्पेलिंग चालत आलंय तेच ठेवा.

वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून ठेवायचं की पूर्ण काढायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ठेवायचं असेल तर पूर्ण ठेवा. नुसतं आद्याक्षर ठेवलं की भारतातल्या बँकेत 'हा आर म्हणजे कोण?' हे पुन्हा सिद्ध करत बसावं लागतं. आजीला काय वाटेल याचाही विचार आत्ताच करून घ्या, सुनावणीच्या आदल्या रात्री नको.

फॉर्म

सगळे फॉर्म कॅलिफोर्निया कोर्टांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्या खाजगी साइट्सच्या नादी लागू नका, ते हेच फॉर्म भरतात.

एनसी-१०० हा मूळ अर्ज. त्याला जोडायचा एनसी-११०, यात ज्याचं नाव बदलायचं त्याची माहिती: आत्ताचं नाव, नवं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पत्ता आणि कारण. कारण दोन ओळींत, खरं आणि साधं लिहा. 'माझ्या कागदपत्रांवर वडिलांचं नाव माझ्या पहिल्या नावाचा भाग म्हणून नोंदलं गेलं आहे, ते वेगळं करायचं आहे' एवढं पुरतं. तुम्ही तुरुंग विभागाच्या ताब्यात किंवा पॅरोलवर आहात का, सेक्स ऑफेंडर म्हणून नोंदणी आहे का, हेही तिथेच विचारलेलं असतं. तसं असेल तर नियम वेगळे आणि कडक आहेत, आणि तेव्हा वकिलाकडेच जा.

एनसी-१२० हा कोर्टाचा आदेश, पण भरून तुम्ही द्यायचा. 'या नावबदलाला कुणाची हरकत असेल तर त्याने अमुक तारखेला यावं' असा त्याचा मजकूर असतो. तारीख आणि सही कोर्ट घालतं. एनसी-१३० म्हणजे डिक्री, तीही तुम्हीच भरून ठेवायची, जज शेवटी सही करतात. आणि वर सीएम-०१० हे केसचं कव्हर शीट. काही काउंट्यांचे स्वतःचे जादा फॉर्म असतात, ते त्या कोर्टाच्या संकेतस्थळावर बघा.

एनसी-१०० आणि एनसी-१३० वरची नावं एकमेकांशेजारी ठेवून दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. आपलंच नाव आपण वाचत नाही, नुसतं ओळखतो, आणि गाळलेलं अक्षर तसंच राहतं.

दाखल करणं

अर्ज तुम्ही राहता त्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टात. ऑफिस कुठे आहे याला अर्थ नाही. सनीव्हेल, कूपर्टिनो, सॅन होजे असेल तर सँटा क्लारा काउंटी. फ्रीमाँट, डब्लिन असेल तर अलामीडा. सॅन रमोन डब्लिनला अगदी खेटून आहे, पण ते काँट्रा कोस्टात मोडतं. नवीन लोक इथे हमखास चुकतात.

मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स घेऊन जा किंवा ऑनलाइन दाखल करा. दाखल करायची फी काउंटीप्रमाणे साधारण ४३५ ते ४५० डॉलर. उत्पन्न कमी असेल किंवा सरकारी मदतीवर असाल तर एफडब्ल्यू-००१ भरून फी माफ करून घेता येते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण इमिग्रेशनचं काही चालू असेल तर आधी वकिलाला विचारा.

प्रत्येक काउंटीच्या कोर्टात सेल्फ-हेल्प सेंटर असतं. तिथली माणसं फॉर्म तपासून देतात आणि पैसे घेत नाहीत. 'मी काय करू?' असा सल्ला ते देणार नाहीत, 'हा रकाना बरोबर भरलाय का?' याचं उत्तर देतील.

क्लार्क केस नंबर आणि सुनावणीची तारीख घातलेला एनसी-१२० परत देतो. कायद्याच्या हिशेबाने तारीख ६ ते १२ आठवड्यांच्या आत असावी. गर्दीच्या काउंटीत त्याहून लांबही जाते.

पेपरातली नोटीस

आपल्याकडच्या 'जाहीर नोटीस'चा हा इथला अवतार. एनसी-१२० वरचा मजकूर काउंटीतल्या मान्यताप्राप्त वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा, सलग ४ आठवडे छापून यावा लागतो. कोणताही पेपर चालत नाही, यादी कोर्टाकडे मिळते. दर पेपरागणिक खूप वेगळे असतात, तेव्हा तीन-चार ठिकाणी फोन करा. मोठ्या दैनिकाचा मान ठेवण्याची गरज नाही, एखादं छोटं कायदेविषयक पत्र तेच काम बरंच स्वस्तात करतं.

तारखेच्या गणितात लोक इथे फसतात. चार आठवडे सुनावणीच्या आधी पूर्ण व्हायला हवेत, आणि पेपरकडून मिळणारं प्रसिद्धीचं प्रमाणपत्र कोर्टात दाखल व्हायला हवं. म्हणून एनसी-१२० हातात पडला की त्याच आठवड्यात नोटीस द्या. बरेच पेपर प्रमाणपत्र थेट कोर्टात पाठवतात, पण 'पाठवलं' या शब्दावर विसंबू नका, केस नंबर टाकून कोर्टाच्या संकेतस्थळावर ते दिसतंय का बघा.

लिंगओळखीशी जुळणारं नाव घेणाऱ्यांना ही नोटीस द्यावी लागत नाही. घरगुती हिंसाचार, पाठलाग किंवा तशाच कारणाने राज्याच्या 'सेफ ॲट होम' या पत्ता गुप्त ठेवणाऱ्या योजनेत असलेल्यांनाही सूट आहे. सासरच्या त्रासातून बाहेर पडलेल्या आणि पत्ता लपवून राहणाऱ्या बाईने पेपरात नाव छापण्याआधी या योजनेची चौकशी जरूर करावी.

सुनावणी

हरकत घ्यायची असेल तर ती सुनावणीच्या किमान दोन कोर्ट-दिवस आधी लेखी दाखल व्हावी लागते. ती आलीच नाही तर बरीच कोर्टं सुनावणीशिवायच डिक्री देतात. आदल्या दोन-तीन दिवसांत केसची स्थिती बघत राहा. बोलावलंच तर वेळेवर पोचा, फोटो असलेलं ओळखपत्र न्या. जज फार तर विचारतात: नाव का बदलताय, कर्ज किंवा गुन्ह्यातून सुटण्यासाठी नाही ना? 'नो, युअर ऑनर' म्हणायचं आणि थांबायचं. आपल्या लोकांना वडिलांच्या नावाची सगळी परंपरा समजावून सांगायचा मोह होतो. मागच्या बाकांवर लोक वाट बघत असतात.

डिक्रीनंतर

सही झालेल्या डिक्रीच्या प्रमाणित प्रती क्लार्ककडून घ्या. एकीला साधारण ४० डॉलर पडतात. तीन घ्या: एक पोस्टाने पाठवायला, एक प्रवासात, एक भारतातल्या कामांसाठी. झेरॉक्स बहुतेक सरकारी खिडक्यांवर चालत नाही.

पहिला मान सोशल सिक्युरिटीचा. एसएस-५ फॉर्म, डिक्री, ओळखपत्र, आणि नागरिक नसाल तर इमिग्रेशनचे चालू कागद. फी नाही, नंबर तोच राहतो. त्यांच्या संगणकात नोंद व्हायला एक-दोन दिवस द्या, मगच डीएमव्हीला (ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात) जा, कारण डीएमव्ही तिथलीच नोंद पडताळतं. उलटं केलं की परत रांगेत.

मग ज्याला जे लागू असेल ते. ग्रीन कार्डवाल्यांना आय-९०. अमेरिकी पासपोर्ट मिळून वर्ष झालं नसेल तर डीएस-५५०४ भरून तो फुकट बदलून मिळतो, वर्ष उलटून गेलं असेल तर नेहमीचा अर्ज आणि फी. त्यानंतर ऑफिसचं पेरोल, बँक, विमा, ४०१-के (निवृत्तीची बचत), गाडीचं टायटल. टॅक्स रिटर्न सोशल सिक्युरिटीतल्या नावानेच भरायचं, नाव जुळलं नाही तर रिफंड अडकतो. जानेवारीत नाव बदलणाऱ्यांनी डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक टॅक्स फॉर्म) कोणत्या नावाने आलाय ते बघावं.

मुलांची नावं यातून आपोआप बदलत नाहीत. त्यांचा अर्ज वेगळा, आणि दोन्ही पालकांची संमती लागते किंवा दुसऱ्या पालकाला रीतसर नोटीस द्यावी लागते.

भारताच्या बाजूने

तिथल्या महापालिकेतली जन्मनोंद, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी यावर जुनंच नाव राहणार, आणि ते तसंच राहू द्या. तुम्हाला लागतो तो जुन्या आणि नव्या नावाला जोडणारा एक भरवशाचा कागद. कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून डिक्रीच्या प्रमाणित प्रतीवर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून घ्या, पोस्टाने केलं तर फी २० डॉलर. भारत अपॉस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे त्या शिक्क्यानंतर वेगळ्या कॉन्सुलर साक्षांकनाची गरज राहत नाही. पुण्याच्या फ्लॅटचं खरेदीखत, गावच्या जमिनीची वारसनोंद, आई-वडिलांबरोबरचं जॉइंट खातं, बँकेतलं नॉमिनेशन, या सगळ्या ठिकाणी 'तो मीच' हे दाखवायला हाच कागद लागतो.

ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचं भारत सरकारचं कार्ड) काढायचं असेल तर नवीन अमेरिकी पासपोर्ट आणि जुना भारतीय पासपोर्ट यांच्यातला नावाचा फरक तिथेही डिक्रीनेच दाखवायचा. ओसीआय आधीच असेल आणि पासपोर्टवरचं नाव नंतर बदललं, तर कार्डही नव्या नावाने करून घ्या आणि ते हातात येईपर्यंत भारताचं तिकीट काढू नका.